छताखालचा ठावठिकाणा

उपग्रहांच्या साहाय्याने रस्त्यावरच्या माणसाला स्वतःचे स्थान काही मीटरांच्या अचूकतेने कळण्याची सोय आता इतकी अंगवळणी पडली आहे की, ती इमारतीच्या दाराशी संपते याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि त्यांचे संदेश जमिनीवर येईपर्यंत इतके क्षीण झालेले असतात की, काँक्रीटचा स्लॅब, पोलादी सळया आणि धातूचा मुलामा दिलेल्या काचा यांच्यापलीकडे ते एक तर पोहोचत नाहीत, किंवा भिंतींवर आदळून, लांबच्या वाटेने आणि म्हणून चुकीचे अंतर सांगत पोहोचतात. विमानतळ, मोठे रुग्णालय, वस्तुसंग्रहालय, गोदाम किंवा मुंबईच्या मेट्रो तीनसारख्या भुयारी मार्गावरचे स्थानक अशा ठिकाणी माणूस नेमका कुठे उभा आहे हे ठरवायचे झाले, तर त्यासाठी निराळीच साधने उभी करावी लागतात.

संवर्धित वास्तवाच्या, म्हणजे ऑगमेंटेड रिॲलिटीच्या, बाबतीत ही गरज फार कडक होते. मोबाइलच्या पडद्यावर किंवा चष्म्याच्या काचेत समोरच्या खऱ्या दृश्यावर संगणकाने काढलेली चित्रे, बाण, नावे वा आकृत्या बसवण्याच्या या तंत्राची व्याख्या रोनाल्ड अझुमा यांनी १९९७ सालच्या आपल्या आढावा-निबंधात तीन अटींनी केली आणि ती आजही प्रमाण मानली जाते: खरे आणि कृत्रिम एकत्र दिसले पाहिजे, पाहणाऱ्याच्या हालचालीला तत्काळ प्रतिसाद मिळाला पाहिजे, आणि कृत्रिम वस्तू त्रिमितीत आपल्या जागी बसलेली असली पाहिजे. पहिली अट आजचा साधा स्मार्टफोन सहज पुरी करतो आणि दुसरीही बऱ्याच अंशी पेलतो. घोडे पेंड खाते ते तिसऱ्या अटीपाशी. कृत्रिम बाण खऱ्या दारावर बसवायचा, तर पाहणाऱ्याचा डोळा दालनात कोणत्या बिंदूवर आहे आणि कोणत्या दिशेला रोखलेला आहे, हे दोन्ही कळावे लागते. लांबी, रुंदी, उंची हे स्थानाचे तीन आकडे, आणि मान डावी-उजवीकडे वळणे, वर-खाली होणे व खांद्याकडे कलणे हे दिशेचे तीन आकडे, असे सहा आकडे सेकंदाला निदान तीस ते साठ वेळा नव्याने काढत राहणे, हाच या क्षेत्रात मागोवा किंवा ट्रॅकिंग या शब्दाचा अर्थ आहे.

या सहांपैकी चर्चा बहुतेक वेळा स्थानाच्या तीन आकड्यांचीच होते आणि एखादी यंत्रणा ‘दहा सेंटिमीटरपर्यंत अचूक’ असल्याची जाहिरात केली जाते, परंतु मोठ्या जागेत खरी परीक्षा दिशेची असते. स्थान दहा सेंटिमीटरने चुकले, तर एक मीटरवर ठेवलेल्या वस्तूवरचे चित्र जवळजवळ सहा अंशांनी बाजूला सरकलेले दिसते, पण वीस मीटरवरच्या फलकाच्या बाबतीत हीच चूक अंशाच्या एक तृतीयांशाहूनही कमी भरते आणि डोळ्याला ती खुपत नाही. दिशेची चूक याच्या उलट वागते. हात लांब करून धरलेल्या करंगळीची रुंदी डोळ्याला साधारणपणे एक अंश दिसते. तेवढीच चूक दिशेत झाली, तर एक मीटरवर चित्र जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर सरकते आणि वीस मीटरवर तब्बल पस्तीस सेंटिमीटर, म्हणजे एका दरवाजासाठी काढलेली खूण शेजारच्या चौकटीला जाऊन भिडते. टेबलावरच्या खेळण्यात उत्तम चालणारी यंत्रणा विमानतळाच्या दालनात बावचळते, त्याचे एक मोठे कारण हे साधे भूमितीचे गणित आहे.

त्यात वेळेची भर पडते. माणूस सहज मान वळवतो तेव्हा ती सेकंदाला शंभर अंशांच्या वेगाने फिरणे मुळीच अशक्य नसते, आणि मोजमाप घेण्यापासून चित्र डोळ्यापर्यंत पोहोचण्यात पन्नास सहस्रांश सेकंद गेले, तर तेवढ्यात मान पाच अंश पुढे गेलेली असते. दहा मीटरवरचे चित्र या विलंबामुळे सत्त्याऐंशी सेंटिमीटर मागे रेंगाळते, मग मोजमाप स्वतः कितीही अचूक असो. म्हणूनच चांगल्या यंत्रणा डोके आत्ता कुठे आहे एवढेच न मोजता, चित्र उमटेल त्या क्षणी ते कुठे असेल याचा अंदाज बांधतात, आणि या अंदाजासाठी लागणारे काम याच अझुमा यांनी नव्वदच्या दशकात अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपेल हिल येथील केंद्रात केले होते.

माणसाच्या डोक्याचा मागोवा घेण्याचा पहिला गाजलेला प्रयत्न मात्र त्याहून जुना आहे. आयव्हन सदरलंड यांनी १९६८ साली डोक्यावर बसवायचा जो पडदा सादर केला, त्याच्यासाठी त्यांनी दोन मार्ग वापरून पाहिले: एक, छताला टांगलेली आणि एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची यांत्रिक दांडी, जिची लांबी व कोन मोजून डोक्याचे स्थान काढले जाई; आणि दुसरा, डोक्यावर तीन ध्वनिप्रक्षेपक व छतावर चार ग्राहक बसवून, कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनीने मोजण्याचा. दांडी भरवशाची होती, पण तिने बांधलेला माणूस सुमारे सहा फूट व्यासाच्या आणि तीन फूट उंचीच्या पोकळीपलीकडे जाऊ शकत नव्हता. अचूकता हवी असेल तर जागा लहान घ्या आणि जागा मोठी हवी असेल तर अचूकता सोडा, हा तेव्हा दिसलेला व्यवहार पुढच्या पन्नास वर्षांत अनेक वेशांत परत परत समोर आला.

तो व्यवहार मोडून काढण्याचा सर्वांत देखणा प्रयत्न चॅपेल हिलमध्येच झाला, आणि त्याला देखणा म्हणण्यामागे त्याची चमक नसून त्यामागचा तर्क आहे. तेथे फ्रेडरिक ब्रूक्स यांच्या नेतृत्वाखाली, न बांधलेल्या इमारतींच्या संगणकीय प्रतिकृतीतून माणसाला पायी हिंडता यावे यासाठी संशोधन चालले होते आणि त्यासाठी खोलीभर चालता येईल असा मागोवा हवा होता. भिंतींवर कॅमेरे लावून डोक्याकडे पाहणे हा सरळ उपाय, परंतु दूरच्या कॅमेऱ्याला मानेचे बारीक वळण जवळजवळ दिसतच नाही. उलट डोक्यावरच्या कॅमेऱ्याने छताकडे पाहिले, तर मान किंचित वळताच छतावरच्या दिव्याची प्रतिमा कॅमेऱ्यात भरभर सरकते, म्हणजे ज्या दिशेच्या आकड्यांची सर्वाधिक निकड आहे तेच आकडे या उलट्या रचनेत सर्वाधिक स्पष्ट मिळतात. १९९१ साली प्रदर्शनात मांडलेल्या त्यांच्या यंत्रणेत दहा फूट बाय बारा फुटांच्या छतात ९६० अवरक्त दिवे बसवलेले होते. अवरक्त म्हणजे डोळ्याला न दिसणारा तांबड्यापलीकडचा प्रकाश, त्यामुळे वापरणाऱ्याला वर लुकलुकणारे काही दिसत नसे.

या यंत्रणेची पुढची पिढी, हायबॉल या नावाची, दशकाच्या अखेरीस तयार झाली; तिच्या छतात सुमारे तीन हजार दिवे होते आणि डोक्यावर सहा भिंगांचा, मुठीत मावेल असा एक गोळा. ग्रेग वेल्च आणि गॅरी बिशप यांनी तिच्यासाठी वापरलेली गणिती युक्ती थोडी उलगडून सांगण्याजोगी आहे. सहा अज्ञात आकडे काढायचे, तर निदान तीन दिवे एकाच वेळी दिसले पाहिजेत, असे शाळेतले बीजगणित सांगते. परंतु तिन्ही दिवे पाहून होईपर्यंत डोके हललेले असते, म्हणजे ‘एकाच वेळी’ ही अटच खोटी ठरते. या दोघांनी ती अट टाकून दिली आणि प्रत्येक दिवा दिसताक्षणी, त्याने दिलेल्या अपुऱ्या माहितीनिशी, आधीचा अंदाज तेवढ्यापुरता दुरुस्त करायचा अशी पद्धत बसवली. एकेक दुरुस्ती अपुरी, पण सेकंदाला दोन हजारांहून अधिक दुरुस्त्या होत असल्याने डोक्याचे स्थान मिलिमीटरच्या अंशापर्यंत कळू लागले. निव्वळ कामगिरी पाहिली, तर आजचे अनेक महागडे चष्मे या छतापुढे फिके पडतील. अडचण इतकीच की, प्रयोगशाळेच्या छतात हजारो दिवे बसवता येतात, विमानतळाच्या छतात ते बसवण्याचा खर्च कोणी करत नाही.

इंग्लंडमधील केंब्रिज येथे एटी अँड टीच्या प्रयोगशाळेने त्याच सुमारास पूर्ण इमारतच अशी सज्ज करून पाहिली. तेथील ‘बॅट’ यंत्रणेत प्रत्येक कर्मचाऱ्याच्या गळ्यात श्राव्यातीत ध्वनी सोडणारे लहानसे यंत्र आणि तीन मजल्यांच्या, दहा हजार चौरस फुटांच्या इमारतीच्या छतांमध्ये सुमारे ७५० ग्राहक होते. ध्वनी प्रत्येक ग्राहकापर्यंत पोहोचायला किती वेळ लागला यावरून माणसाचे स्थान तीन सेंटिमीटरपर्यंत निघे. स्थानासाठी हे झकास होते, परंतु गळ्यातले यंत्र मान कोणीकडे वळली आहे हे सांगू शकत नसे, आणि ग्राहकांची संख्या पाहिली की असा प्रयोग बाजारात का पसरला नाही हे वेगळे सांगावे लागत नाही.

रेडिओलहरींवर आधारलेल्या पद्धती याच्या दुसऱ्या टोकाला आहेत: स्वस्त, सगळीकडे पोहोचणाऱ्या आणि ढोबळ. वाय-फायच्या संदेशांची तीव्रता जागोजागी आधी नोंदवून ठेवायची आणि नंतर मिळालेल्या तीव्रतेशी ती ताडून पाहायची, ही मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २००० साली मांडलेली पद्धत दोन-तीन मीटरांपर्यंत नेऊन सोडते. लंडनजवळच्या गॅटविक विमानतळाने २०१७ साली दोन्ही टर्मिनलांमध्ये मिळून सुमारे दोन हजार ब्लूटूथ बीकन, म्हणजे ठरावीक अंतराने आपली ओळख प्रक्षेपित करणाऱ्या बॅटरीवरच्या डब्या, बसवल्या. त्यांची अचूकता तीन मीटरांच्या आसपास सांगितली गेली होती. अतिरुंद पट्ट्याच्या रेडिओस्पंदांनी ही चूक दहा-तीस सेंटिमीटरपर्यंत खाली येते, कारण तेथे तीव्रता न मोजता प्रवासाचा वेळ मोजला जातो, रेडिओलहर प्रकाशाच्याच वेगाने अब्जांश सेकंदात सुमारे तीस सेंटिमीटर जाते, आणि एवढा बारीक वेळ मोजणाऱ्या घड्याळाची सोय आता फोनमध्ये आलेली आहे. फोनमधला वायुदाबमापकही उपयोगी पडतो, कारण एक मीटर चढले की हवेचा दाब सुमारे बारा पास्कलने घटतो आणि त्यावरून निदान मजला बदलल्याचे कळते. मात्र यांपैकी कोणतीच पद्धत नजर कुठे रोखली आहे ते सांगत नाही. आणि होकायंत्रावर विसंबावे, तर इमारतीतल्या सळया, लिफ्ट आणि विजेच्या तारा त्याची सुई वाटेल तशी वळवतात.

बाहेरची मदत अशी तोकडी पडल्यावर उरतात ती अंगावरची साधने. बहुतेक स्मार्टफोनमध्ये वेगातला बदल मोजणारा त्वरणमापक आणि वळण्याचा वेग मोजणारा जायरोस्कोप असतो, आणि तत्त्वतः त्यांच्या नोंदींची बेरीज करत गेले की सुरुवातीपासून किती अंतर कापले ते निघायला हवे. व्यवहारात या बेरजेत चूकही बेरजेसकट वाढते. त्वरणमापकात सेकंदवर्गाला एक सेंटिमीटर इतकीच कायमची चूक असली, तर दहा सेकंदांनी स्थान अर्धा मीटर आणि एका मिनिटाने अठरा मीटर चुकलेले असते, कारण त्वरणावरून अंतर काढताना काळाचा वर्ग येतो. शिवाय फोन किती कललेला आहे याचा अंदाज एका अंशाने चुकला, तर गुरुत्वाकर्षणाचाच एक तुकडा चालण्याचे त्वरण म्हणून मोजला जातो आणि चूक याच्या सतरापट होते. तरीही ही साधने टाकून देता येत नाहीत, कारण सेकंदाला शेकडो वेळा नोंद घेणारी आणि अंधारातही चालणारी दुसरी सोय नाही. क्षणभरापुरता त्यांच्यावर पूर्ण विश्वास ठेवता येतो, मिनिटभर मात्र नाही.

त्या क्षणभराच्या पुढची जबाबदारी कॅमेऱ्याने उचलली आणि आजचे जवळजवळ सगळे संवर्धित वास्तव याच जोडीवर उभे आहे. कॅमेऱ्यातल्या चित्रात फरशीचा कोपरा, फलकावरच्या अक्षराचे टोक, खांबाची कड असे सहज ओळखू येणारे बिंदू निवडायचे, पुढच्या चित्रात ते कुठे सरकले ते पाहायचे आणि त्यावरून कॅमेरा कसा हलला व बिंदू किती दूर आहेत, ही दोन्ही कोडी एकमेकांच्या आधाराने सोडवायची, ही ती रीत होय. स्थाननिश्चिती आणि नकाशा एकाच वेळी तयार होत असल्याने तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘स्लॅम’ म्हणतात. ऑक्सफर्डच्या जॉर्ज क्लाइन आणि डेव्हिड मरे यांनी २००७ साली या दोन कामांची फारकत केली: नजर पुढे न्यायचे काम प्रत्येक चित्रासरशी, घाईने, नकाशा नीटनेटका करायचे काम मागे, निवांतपणे, निवडक चित्रांवर. एरवी संगणकाला न झेपणारे काम त्यामुळे झेपू लागले, पण त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच ‘लहान’ जागांचा उल्लेख होता, आणि तो प्रामाणिक होता.

मोठ्या जागेत या रीतीला दोन दुखणी जडतात. पहिले म्हणजे वाहवत जाणे: प्रत्येक पावलाची बारीक चूक पुढच्या पावलाला वारशाने मिळते, आणि ती चाललेल्या अंतराच्या केवळ एक टक्का धरली, तरी तीनशे मीटरच्या मार्गिकेअखेर तीन मीटरांची होते. यावरचा उपाय असा की, माणूस फिरून पूर्वीच्याच जागी आला आणि यंत्राने ती जागा ओळखली, तर तेवढ्या वाटेत साचलेली सगळी चूक एकदम उघडी पडते आणि ती मागच्या सगळ्या पावलांवर वाटून टाकता येते. परंतु माणूस विमानतळावर सहसा एकाच दिशेने जातो. फेरी पुरी होतच नाही. दुसरे दुखणे जागा ओळखण्याचेच आहे. रुग्णालयाचा तिसरा आणि चौथा मजला, हॉटेलातल्या मार्गिका, गोदामातल्या रांगा एकसारख्या बांधलेल्या असतात, आणि चुकीची जागा ठामपणे ओळखणारे यंत्र काहीच न ओळखणाऱ्या यंत्रापेक्षा जास्त घातक ठरते, कारण त्या एका चुकीच्या ओळखीने संपूर्ण नकाशा वाकडा होतो. कोऱ्या पांढऱ्या भिंती, चकचकीत ग्रॅनाइट आणि काचेचे पडदे, म्हणजे आजच्या वास्तुरचनेची सगळी आवड, कॅमेऱ्याला गैरसोयीची आहे ते वेगळेच.

या अडचणींची उत्तरे आधी बनवून ठेवलेल्या नकाशात शोधली गेली. गूगलच्या ‘टँगो’ प्रकल्पाने समोरच्या वस्तूंचे अंतर मोजणारा संवेदक व रुंद दृष्टीचा कॅमेरा असलेले फोन बनवून घेतले, आणि अमेरिकेतील डेट्रॉइट इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट्स या संग्रहालयाने जानेवारी २०१७ मध्ये ते प्रेक्षकांच्या हाती दिले. फोन इजिप्तच्या ममीसमोर धरला की आतल्या सांगाड्याची क्ष-किरण प्रतिमा तिच्यावर बसलेली दिसे, आणि बॅबिलोनच्या इश्तार वेशीचा जो तुकडा तेथे आहे, त्याच्याभोवती मूळची वेस उभी राही. यासाठी दालनांची नोंद आधीच करून ठेवलेली होती आणि फोन तिच्याशी स्वतःचे दृश्य ताडून पाही. वर्षभरातच ॲपल व गूगल यांनी खास संवेदकाविना, साध्या कॅमेऱ्यावर चालणारी साधने विकसकांना दिली आणि गूगलने १ मार्च २०१८ पासून टँगोला पाठबळ देणे थांबवले. पुढे २०२१ मध्ये गूगलने अमेरिकेतील काही मॉलच्या आत, कॅमेऱ्यातल्या दृश्यावर बाण दाखवणारी सोय सुरू केली. तिचे तत्त्वही हेच आहे: स्थान मोजण्यापेक्षा ते आठवायचे.

चष्म्यांच्या बाबतीत अभियंत्यांनी आणखी एक शहाणपणाची तडजोड केली. इमारतीच्या एका कोपऱ्यापासून सगळी अंतरे मोजण्याऐवजी जागोजागी स्थानिक खुंट्या मारायच्या आणि प्रत्येक कृत्रिम वस्तू जवळच्या खुंटीला बांधायची. मायक्रोसॉफ्टने आपल्या होलोलेन्स या चष्म्यासाठी दिलेल्या मार्गदर्शनात वस्तू तिच्या खुंटीपासून तीन मीटरांच्या आत ठेवावी असे सांगितले होते, कारण खुंटीच्या दिशेतली बारीक चूक अंतराबरोबर वाढत जाते. संपूर्ण इमारतीचा नकाशा थोडा वाकडा असला, तरी प्रत्येक खोलीपुरता तो खरा असतो, आणि माणूस एका वेळी एकाच खोलीत असतो.

अनेक ठिकाणी एवढ्या खटाटोपाची गरजही नसते, हे येथे नमूद करायला हवे. मालवाहतूक करणाऱ्या डीएचएल कंपनीने नेदरलँड्समधील गोदामात चष्म्यांची चाचणी घेऊन २०१५ साली माल उचलण्याच्या कामात पंचवीस टक्के सुधारणा झाल्याचे जाहीर केले. परंतु तो चष्मा कामगाराला रांग व कप्पा केवळ लिहून दाखवत होता आणि बारकोड वाचून खात्री करत होता. अझुमा यांची तिसरी अट तेथे पाळलेली नव्हती आणि तिच्यावाचून काम अडलेही नाही.

जेथे ती पाळायची आहे, तेथे आता प्रश्न यंत्राचा कमी आणि नकाशाच्या निगेचा अधिक आहे. मॉलमधले दुकान बदलते, संग्रहालयात प्रदर्शन बदलते, गोदामातले खोके तर रोज बदलतात, आणि महिन्यांपूर्वीच्या नकाशातले निम्मे बिंदू जागेवर उरत नाहीत. नकाशा ताजा ठेवण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे वापरणाऱ्यांच्याच कॅमेऱ्यांतून येणाऱ्या दृश्यांनी तो दुरुस्त करत राहणे, आणि त्यासाठी तो कोणा कंपनीच्या दूरच्या संगणकावर असावा लागतो. यात एक धोका असा की, सेवा बंद झाली की त्या खुंट्याही जातात. मायक्रोसॉफ्टने अशा खुंट्या साठवणारी आपली सेवा नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद केली. दुसरा धोका अधिक खोल आहे. चित्रे पुसून नुसते बिंदू ठेवले की खासगीपणा सांभाळला जातो, असे बराच काळ मानले गेले. पण २०१९ साली संशोधकांनी केवळ बिंदू आणि त्यांची ओळखचिन्हे वापरून खोलीचे चित्र, आतल्या सामानासह, बऱ्यापैकी पुन्हा उभे करून दाखवले. त्याच वर्षी बिंदूंऐवजी त्यांच्यातून जाणाऱ्या वाटेल त्या दिशेच्या रेषा साठवण्याचा उपाय सुचवण्यात आला, आणि २०२१ मध्ये अशा रेषांवरूनही मूळ बिंदूंची जागा बऱ्याच अंशी काढता येते हे दुसऱ्या एका गटाने सिद्ध केले. रुग्णालयासारख्या ठिकाणी यावर आजचा खात्रीचा मार्ग म्हणजे नकाशा इमारतीबाहेर जाऊच न देणे. पण तसे केले की प्रत्येक कपाट हलल्यावर, प्रत्येक फलक बदलल्यावर तो दुरुस्त करण्याचे काम त्या रुग्णालयाच्याच माणसांकडे येते, आणि ते काम कोणाचे, हे तेथल्या कामाच्या यादीत अजून लिहिलेले नसते.